आईसाहेबांच्या गळ्यातला धाकटा

खारीच्या शेपटीचा एक केस कबुतराच्या पिसाच्या नळीत घट्ट बसवला की त्याने पापणी काढता येते. दोन केस बसवले तर भुवई.

*

नियम सातवा: राजघराण्यातील कोणत्याही व्यक्तीचे नाक आदल्या वर्षीपेक्षा मोठे असणार नाही.

*

भिंगवाल्याच्या हनुवटीला खळी होती. दाढी करताना तिथे हटकून चार खुंट राहायचे. बायको म्हणायची, "गावभर भिंगं पुरवता, एखादं घरी आरशाजवळ ठेवा की."

*

सरहद्दीच्या नाक्यावर एका टकल्या माणसाकडे ओळख मागितली. त्याने गळ्यातलं लॉकेट उघडून पुढे धरलं. शिपायाने आतल्या बाईकडे नीट पाहिलं. "आई का? जा मग."

*

राजवाड्यातली इस्त्रीवाली रोज चौतीस अभ्रे आणि बारा पडदे इस्त्री करायची. तिच्याकडे उभ्या आयुष्यात कुणी दोनदा पाहिलं नव्हतं. एकदा पाहिलं होतं, ते इस्त्रीतले निखारे सांडले तेव्हा.

*

बारीकबाईला नवरा एकच होता. तो राजवाड्याने नेला. ही गोष्ट तो परत मिळवण्याची आहे. मध्ये जे राजेरजवाडे येतील त्यांच्यासाठी उठून उभं राहायची गरज नाही.

*

बारीकबाई म्हणजे राजवाड्याची चित्रकार. अंगाने अशी भरलेली की जिन्यात समोरून कुणी आलं तर दोघांपैकी एकाला परत फिरावं लागे. नाव पडलं ते कामावरून. हस्तिदंताच्या चकतीवर, अंगठ्याच्या नखाहून जरा मोठ्या, ती अख्खा माणूस बसवायची: कानातल्या मोत्यासकट, मोत्यातल्या उजेडासकट. तिच्या आधी हे काम तिचे वडील करायचे आणि त्यांच्या आधी त्यांचे मामा.

एवढ्या लहान चित्रांचं राजाला काय काम? तर त्या घराण्यात माणसं एकमेकांना भेटत नसत. भेटली की भांडत, आणि ती भांडली की एखादा जिल्हा इकडचा तिकडे होई. म्हणून कुठल्याशा पणजोबांच्या काळात तोड निघाली की माया करायची ती लॉकेटवर. प्रत्येकाने प्रत्येकाचं चित्र गळ्यात घालायचं, आणि ज्याचा वाढदिवस असेल त्याचं नवं चित्र त्या दिवशी जुन्याच्या जागी बसवायचं. थोरले महाराज जेवायला वाकले की अकरा लॉकेटं ताटावर वाजत. सकाळी उठल्याबरोबर ते आईच्या चित्राचा मुका घेत. त्याच वेळी पलीकडच्या दालनात आईसाहेब त्यांच्या चित्राचा मुका घेत. मध्ये एक भिंत होती. भिंतीला दार होतं. दाराला कडीसुद्धा नव्हती.

आता चित्र काढायचं तर माणूस समोर बसायला हवा. इथेच घोडं पेंड खायचं. पगारी माणसासमोर चार-चार तास गप्प बसायचं, मान हलवायची नाही, ही त्या घराण्याला तुरुंगाची शिक्षा वाटे. म्हणून नियम दहावा: चित्र हे चित्रावरूनच काढावे. गेल्या वर्षीचं चित्र समोर ठेवायचं, त्यावरून यंदाचं. पुढच्या वर्षी यंदाच्यावरून पुढचं.

"चेहऱ्यावर वर्ष चढव," वडिलांनी शिकवलं होतं, "वय चढवू नकोस."

सगळ्यावर देखरेख करायला स्मरणखातं होतं आणि खात्यावर स्मरणसाहेब होते. ते भिंगातून जुनं चित्र पाहत, नवं पाहत, आणि तुलनापत्रकावर सही करत. माणसाकडे पाहायची त्यांच्यावर कधी वेळ आली नाही. पत्रकात माणसासाठी रकानाच नव्हता.

*

धाकटे राजपुत्र सोळाव्या वर्षी शेजारच्या राजाकडे पाहुणे म्हणून गेले. तहात तसं लिहिलं होतं: पाहुणा तिथे आहे तोवर लढाई नाही. पाहुणचार एकोणीस वर्षं चालला. जेवण चांगलं होतं, खिडकीला गज होते.

दर वाढदिवसाला इकडे धाकट्यांचं नवं चित्र आईसाहेबांच्या गळ्यात पडायचं, आणि आईसाहेबांच्या वाढदिवसाला त्यांचं नवं चित्र तिकडे रवाना व्हायचं. पहिली दहा वर्षं बारीकबाईच्या वडिलांनी काढली. ते वारले आणि गादी तिच्याकडे आली, तेव्हा तिने धाकट्यांचं शेवटचं चित्र भिंगाखाली धरलं आणि तिचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. नक्कलेची नक्कल, तिची नक्कल, असं दहा वेळा होऊन चेहरा पार विरून गेला होता. सोललेल्या अंड्याला डोळे काढावेत तसं काहीतरी उरलं होतं. आईसाहेबांचं चित्र तर त्याहून जुनं. तिथे अंडंसुद्धा उरलं नव्हतं, नुसता मोत्यांचा हार होता आणि हाराच्या वर सद्भावना.

अंड्यावरून अंडं किती दिवस काढणार? तिला एक जिवंत माणूस हवा होता, पंचविशीच्या आतबाहेरचा, न हलणारा. समोर खिडकीत नवरा भिंग घासत बसला होता. भिंग घासणारा माणूस हात हलवतो, मान हलवत नाही.

"अहो, जरा डावीकडे बघा."

"किती वेळ?"

"तुमचं चालू द्या. मी माझं बघते."

पुढची नऊ वर्षं तो डावीकडे बघत राहिला. आईसाहेबांसाठी तिला फार शोधावं लागलं नाही. इस्त्रीघरात साठीच्या पुढची एक बाई दिवसभर उभी असायची. तोंडावर वाफ घेऊन घेऊन कातडी तुकतुकीत, आणि चेहऱ्यावर असा काही शांतपणा की मोत्यांचा हार तिथे आपणहून जाऊन बसला असता.

चूक पकडली कुणी? कुणीच नाही. उलट पहिल्याच वर्षी आईसाहेबांनी लॉकेट उघडून म्हटलं, "आता कुठे माझा मुलगा माझ्यासारखा दिसायला लागला." आणि स्वतःचं चित्र पाहून: "हुबेहूब."

*

तह संपला. पाहुणा परतला. त्याला उतरवून घ्यायला मोठ्या दालनात दोन रांगा उभ्या होत्या. मधोमध खुर्चीत आईसाहेब. त्यांच्या मागे, ऐनवेळी चुरगळलेल्या झालरीवर हात फिरवायला बोलावलेली इस्त्रीवाली. भिंतीशी बारीकबाई, कारण लॉकेटं वाटायचं काम तिच्याकडे होतं.

दारातून आत आला तो एक टकला, बसक्या हनुवटीचा, दमलेला माणूस. दालनात कुजबुज झाली. सगळे हात आपापल्या लॉकेटकडे गेले, लॉकेटं उघडली, मिटली. एवढ्या चापांचा आवाज एकदम झाला की टकला माणूस क्षणभर थांबला.

मग त्याने स्वतःचं लॉकेट उघडलं. आत पाहिलं. वर पाहिलं. त्याचा चेहरा उजळला, डोळ्यांत पाणी आलं, तो भरभर चालत आईसाहेबांसमोरून गेला, खुर्चीला वळसा घातला, आणि "आई" म्हणून इस्त्रीवालीच्या गळ्यात पडला.

इस्त्रीवालीने त्याच्या पाठीवर थोपटलं. दुसरं काय करणार? माणूस रडत होता.

आईसाहेब उठल्या. "जो स्वतःच्या आईला ओळखत नाही," त्या म्हणाल्या, "तो माझा मुलगा नाही."

त्याच्याशी त्यांचं लॉकेट जुळत नव्हतंच. आता कारणही मिळालं.

*

स्मरणसाहेबांनी दुपारी बारीकबाईला बोलावलं. समोर धाकट्यांचं गेल्या वर्षीचं चित्र.

"एकच प्रश्न. चित्र बरोबर आहे की माणूस?"

खरं सांगायचं तर तिथेच सांगता आलं असतं. पण तिला वडिलांची खुर्ची दिसली, मामा-आजोबांची पेटी दिसली, आणि वाटलं, राजघराण्याचं भांडण आहे, आठ दिवसांत मिटेल. आपण कशाला हात दाखवून अवलक्षण करा?

"चित्र बरोबर आहे, साहेब."

"लिहून द्या."

तिने लिहून दिलं.

"उत्तम," साहेब म्हणाले. "म्हणजे तो माणूस खोटा. म्हणजे खरे धाकटे राजपुत्र अजून कुठेतरी आहेत. म्हणजे शोधायला हवेत. चित्र आहेच."

करायला गेलो काय आणि झालं काय, हे तिच्या पायऱ्या उतरता उतरता लक्षात आलं. ती धावतच घरी निघाली. पण वरातीमागून घोडं. छापखान्याने चित्र मोठं करून चौकाचौकांत डकवलंसुद्धा होतं, आणि पहिल्याच चौकात पाववाली कमरेवर हात ठेवून खदखदून हसत होती.

"अहो बारीकबाई, तुमचे हे भिंतीवर काय करतायत?"

*

घरासमोर माणसं जमली होती. नवरा दुकानाच्या पायरीवर उभा होता आणि त्याच्या तोंडावर असा भाव होता की जणू त्याला आतून कुणकुण होतीच.

"आत या आधी," ती म्हणाली. "दाढी-बिढी काढू नका. तोंडाला फडकं बांधा."

"अगं, चांभाराने वाकून नमस्कार केला मला."

"चांभार जोडे बघायला वाकला असेल."

"वाण्याने दोन पावलं मागे घेतली. नऊ वर्षं तू मला डावीकडे बघायला लावलंस, मी कधी विचारलं का, हे कुणाच्या नावाने जातंय? आता कळतंय तर दोन दिवस राजपुत्र होऊन बघू दे की. तुझं काय जातंय?"

"माझं काय जातंय? तुम्ही जाताय."

"मी कशाला जातोय? विचारतील, सांगीन, परत येईन."

"ते विचारणार नाहीत. त्यांच्या पत्रकात विचारायला जागा नाही."

तेवढ्यात बग्गी आली. चार माणसं उतरली, पाचवा लॉकेट घेऊन. त्याने चित्र नवऱ्याच्या गालाशी धरलं, हनुवटीची खळी मोजली, आणि सगळे गुडघ्यावर बसले. नवरा म्हणाला, "मी भिंगवाला आहे." पाचव्याने मान डोलावली आणि लिहून घेतलं: परदेशात भिंगांचा छंद लागला.

ती बग्गीच्या दाराला धरून उभी राहिली. "हा माझा नवरा आहे हो."

"चित्र बरोबर आहे, असं लिहून कुणी दिलंय?" पाचव्याने विचारलं. आवाज चढवला नाही. कागदच दाखवला.

*

तुलनापत्रक (मसुदा)

गेल्या वर्षी: केस दाट, कपाळ मध्यम, हनुवटी खळीसह.
यंदा: तसेच.
फरकाचे कारण: नाही.
वाढदिवस: आठ दिवसांनी. त्या दिवशीचे चित्र अंतिम समजावे. त्यानंतर व्यक्तीत बदल करता येणार नाही.
चित्रकाराचे काम: गेल्या वर्षीच्या चित्रावरून यंदाचे काढणे.

म्हणजे तिच्याच हाताने. खारीच्या केसाने एक-एक पापणी काढत तिनेच आपला नवरा राजवाड्यात कायमचा चिकटवायचा होता.

*

तिसऱ्या दिवशी ती स्मरणसाहेबांकडे गेली आणि मान खाली घालून सगळं सांगून मोकळी झाली. चित्र खोटं आहे. नवरा माझा आहे. टकला खरा आहे.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग बोटं मोजू लागले. "चित्र चूक म्हणजे नऊ वर्षांची नऊ चूक. नऊ चुका म्हणजे माझ्या नऊ सह्या. माझी सही चूक म्हणजे खातं चूक. खातं चूक म्हणजे महाराजांच्या गळ्यात जे आहे ते चूक, आणि मग महाराज रोज सकाळी नक्की कुणाचा मुका घेतात?" ते थांबले. त्यांनाच ते चित्र डोळ्यांपुढे नको होतं. "बाई, तुमचा नवरा एक आहे. माझ्याकडे घराणं आहे."

"मग मी काय करू?"

"मला काही ऐकू आलेलं नाही. मात्र पत्रक अजून मसुदाच आहे, फरकाच्या कारणाचा रकाना बदलता येतो. एका वर्षात माणसाचं टक्कल पडू शकतं. हनुवटी बसू शकते. पण तसं नवं चित्र आईसाहेबांनी स्वतःच्या हाताने गळ्यात घातलं तरच. मी त्यांना सांगणार नाही. माझं पेन्शनचं वय आहे."

*

टकल्याला तबेल्याच्या माडीवर ठेवलं होतं. खिडकीला गज नव्हते, त्यामुळे त्याला झोप लागत नव्हती. असं त्याने स्वतःच बारीकबाईला सांगितलं. चांगला सरळ माणूस होता. त्याने लॉकेट तिच्यापुढे केलं.

"तुम्हीच काढता ना? ही कोण आहे, एवढं सांगा. मी नऊ वर्षं हिला सगळं सांगत आलोय. दात दुखला तेही."

"इस्त्रीवाली."

त्याने लॉकेट उजेडाकडे धरलं. "ती थोपटते छान," तो म्हणाला.

"माझा नवरा त्यांनी तुमच्या जागी बसवलाय."

"ऐकलं. त्यांना सांगा, मला खुर्ची नको, जिल्हा नको. फक्त मी मीच आहे, एवढं कुणीतरी म्हणायला हवं. तिकडे एकोणीस वर्षं म्हणत होते. इथे आल्यावर बंद झालं."

तिने त्याच्याकडून लॉकेट मागून घेतलं.

*

आईसाहेबांच्या दालनात सकाळचं ऊन होतं. खिडकीत नवरा, जांभळ्या मखमलीत, मान डावीकडे. बारीकबाई आत आली तरी मान वळली नाही. डोळे तेवढे वळले, आणि त्या डोळ्यांतली राजपुत्र व्हायची हौस केव्हाच फिटलेली दिसली.

"दिवसभर असंच?" तिने हळूच विचारलं.

"हललो की आईसाहेबांचा जीव खालीवर होतो," तो ओठ न हलवता म्हणाला. "तुझ्यापुढे बसायचो तेव्हा निदान हात चालायचे. घरी ने मला. मानेचा धोंडा झालाय."

आईसाहेब भरतकाम करत होत्या. अधूनमधून लॉकेट उघडून पाहायच्या, खिडकीकडे पाहायच्या, आणि समाधानाने पुढचा टाका घालायच्या.

"आईसाहेब, हा माझा नवरा आहे."

त्यांनी दोरा दाताने तोडला. "माहीत आहे."

त्यांनी चष्म्यावर बोट टेकवलं.

"पहिल्याच दिवशी याने माझ्या चष्म्याची सैल दांडी न सांगता घट्ट करून दिली. आमच्या घराण्यात कुणी कधी काही घट्ट केलेलं नाही."

"आणि ते... तबेल्यावरचे?"

"तो माझा मुलगा." सुईत दुसरा दोरा ओवायला त्यांना वेळ लागला. "डावा खांदा पुढे टाकून चालतो, बापासारखा. दारात पाऊल टाकलं तेव्हाच ओळखला. टक्कल तर घराण्यातच आहे, चित्रात नाही एवढंच."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणार होते. हात पुढे केला होता. तुम्ही लोक लॉकेटं बघण्यात गुंग, कुणी पाहिला नाही. तो माझ्या हाताला हवा देत पुढे गेला आणि कुण्या मोलकरणीला आई म्हणाला. एकोणीस वर्षं वाट पाहून हे. हा बरा." त्यांनी सुईने खिडकीकडे दाखवलं. "हा रुसत नाही. जिथे ठेवला तिथे असतो. याने मला ओळखलं नाही तर वाईट वाटत नाही."

आता गप्प बसायची खरी वेळ होती. चित्र खोटं, हे आईसाहेबांना माहीतच होतं आणि त्यांनी डोकं उडवलं नव्हतं. पण दुसरं चित्र खोटं आहे, ते खुद्द त्यांचं आहे, आणि त्या जागी कोण आहे, हे सांगणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. बारीकबाईने खिडकीतल्या मानेकडे पाहिलं. मानेची शीर ताठ झाली होती. खळीत चार खुंट होते. राजवाड्याच्या न्हाव्यालाही ते साधलं नव्हतं.

तिने लॉकेट उघडून भरतकामावर ठेवलं.

"त्यांच्या गळ्यात हे होतं."

आईसाहेबांनी नवी घट्ट दांडी सावरून पाहिलं. "हो. मी आहे."

"नाही, आईसाहेब. ही इस्त्रीवाली."

"काहीतरीच. हे मी स्वतः पसंत केलं होतं."

"नऊही केलीत. तिसऱ्या वर्षी म्हणालात, गळ्याशी तर अगदी मी."

खिडकीतून एक आवाज आला. नवऱ्याने हसू दाबलं होतं.

आईसाहेबांनी घंटा वाजवली आणि इस्त्रीवालीला वर बोलावलं. ती आली, हात पदराला पुसत. आईसाहेब तिच्याभोवती एक चक्कर फिरल्या. लॉकेट तिच्या कानाशी धरलं. पुन्हा फिरल्या.

"किती वर्षं आहेस इथे?"

"एकतीस. इस्त्री तापत ठेवून आलेय, आईसाहेब. काय ते लवकर बोला, पडदा करपेल."

"जा."

ती गेली. आईसाहेब बसल्या. त्या चिडतील, रडतील, शिपाई बोलावतील, याची बारीकबाई वाट पाहत होती. तसं काही झालं नाही. त्या बोटाने लॉकेटची कड घासत राहिल्या.

"म्हणजे त्याने मला ओळखलं होतं," त्या म्हणाल्या. "मी जी पाठवली, तिला. न चुकता. एवढ्या गर्दीत."

त्यांनी लॉकेट मिटलं.

"याला घेऊन जा," आईसाहेब म्हणाल्या. "आणि त्याला आण. पण चित्र होताना मी इथे बसणार."

*

चार सकाळी लागल्या. नियम दहावा मोडून राजघराण्यातला माणूस चित्रकारासमोर बसला होता, आणि दुसरा त्याच्यासमोर, पहारा देत.

"केस थोडे," आईसाहेब म्हणत.

"नाहीत, आईसाहेब."

"होते," मुलगा म्हणे. "तिकडे गळले. आठव्या वर्षी."

"मला कळवलं नाहीस."

"कळवलं होतं. तुमच्या चित्राला."

हनुवटीवरून अर्धी सकाळ गेली. तिसऱ्या दिवशी आईसाहेबांनी त्याला दाताचं विचारलं. चौथ्या दिवशी इस्त्रीवाली पडदे लावायला आली, तेव्हा तो सवयीने तिला आधी म्हणाला, "बरं आहे ना?" आणि मग आईसाहेबांना. आईसाहेबांनी ऐकलं नाही असं केलं. त्या बाबतीत घराण्याचा हात कुणी धरला नसता.

वाढदिवसाला त्यांनी नवं चित्र स्वतःच्या हाताने लॉकेटमध्ये बसवलं. स्मरणसाहेबांनी भिंगातून जुनं पाहिलं, नवं पाहिलं, घाम पुसला, आणि फरकाच्या कारणाच्या रकान्यात लिहिलं: प्रवासाचा शीण.

बारीकबाईला कामावरून काढलं नाही. काढलं असतं तर कशाबद्दल, ते लिहावं लागलं असतं. मात्र नियम दहाव्याला एक पोटकलम जोडलं गेलं: चार सकाळी समोरासमोर बसल्याने कुटुंबात नको तेवढी ओळख वाढते, असे आढळून आले आहे, यापुढे कोणीही बसणार नाही. धाकट्यांचं पुढचं चित्र यंदाच्यावरून काढायचं होतं.

नवऱ्याला हुकूम मिळाला की गेल्या वर्षीपर्यंतचा राजपुत्र रस्त्यातून उघड्या तोंडाने फिरता कामा नये, दाढी वाढवावी. त्याने वाढवली. खळी झाकली गेली. पाववाली आता थट्टेने वाकून पाव देते आणि तो रागावल्यासारखं करतो. खिडकीत बसून भिंग घासताना तो आता मुद्दाम उजवीकडे बघतो, आणि बारीकबाई त्याला कधीही मान सरळ कर म्हणत नाही. काढायला दुसरं कुणी नसलं तरीही.

आईसाहेबांनी जुनी, खळीवाली चकती परत केली नाही. नवं लॉकेट कपड्यांवरून दिसतं. जुनं आत असतं.

धाकटे सोळाव्या वर्षी निघाले त्या सकाळी आईसाहेबांना सर्दी झाली होती, म्हणून त्या निरोप द्यायला खाली उतरल्या नव्हत्या.